मळीचा कोबा

बायका नवऱ्याकडे पैठणी मागतात, पाटल्या मागतात. मी लग्नाला चांगली सात-आठ वर्षं झाल्यावर, ऐन दुष्काळात, कोबा मागितला.

"कशाला?" यांनी बाजेवर पडल्या पडल्या विचारलं.

"जीप ठेवायला."

"आपल्याकडं जीप कुठंय?"

"येईल की. आधी कोबा तर होऊ द्या."

हे उठून बसले आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप होताच, पण हाताला लागणारा नव्हता.

आमचं गाव मांजरसुंबा आणि चौसाळ्याच्या मधे, हमरस्त्यावरच्या फाट्यापासून आत. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. ऊसच नाही म्हणून सहकारी कारखान्याचं धुराडं थंड, आणि यांची तिथली वजनकाट्यावरची नोकरीही थंड. जनावरं चारा छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. अशा वर्षी आम्ही बायकांनी दुधाची सोसायटी चालवायला घेतली होती. लोक हसले. पण छावणीतल्या म्हशी थोडं का होईना दूध देत होत्या, आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यांना चहासाठी दूध लागतच होतं. पाऊस पडो न पडो, ट्रकवाला चहा सोडत नाही.

अडचण होती ती दूध पोचवायची. एसटीचा कंडक्टर दुधाची कॅन बघितली की दारात आडवा व्हायचा. डोक्यावर नेलं तर उन्हानं वाटेतच फाटायचं. शेवटी आमच्या चेअरमनबाईंनी सरकारी लिलावातली एक जुनी जीप सोसायटीसाठी घेऊन टाकली. या बाई उंचनिंच, आवाज खणखणीत, आणि माप घेताना दुधावरचा फेस फुंकून बाजूला करायच्या. कुणाची सख्खी बहीण असली तरी फेसाचं दूध होऊ द्यायच्या नाहीत. त्यांनी सभेत सांगितलं, "ड्रायव्हर ठेवायचा न्हाई. गडी ठेवला की आधी पगार मागतो, मंग अक्कल शिकवतो. जिच्या दारात जीप उभी राहील, तिनंच चालवायला शिकायचं."

माझं तिथंच ठरलं. मला ती जीप चालवायची होती.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण एसटीत मी जन्मभर मागच्या सीटवर बसले होते, सगळे धक्के पोटात घेत, कुणाची तरी ओकारी चुकवत. आणि पुढे ड्रायव्हर राजासारखा बसायचा. एका हातानं ते भलंमोठं चाक फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं तंबाखू मळायचा. मला तंबाखू नको होती. चाक हवं होतं.

पण चेअरमनबाईंनी पुढे अट घातली. जीप म्हातारी, तिला सारखा जॅक लावावा लागणार. आमची जमीन काळी. तिच्यावर जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. शिवाय दुष्काळानं मातीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या, त्यातून उंदीर निघायचे आणि मिळेल ते कुरतडायचे. वायरी त्यांना किती गोड लागल्या असत्या! तेव्हा जीप ठेवायची तर खाली पक्का कोबा आणि वर पत्रा पाहिजे.

सगळ्या बायकांनी पाटलीणबाईंकडे बघितलं. त्यांच्या गोठ्यात शहाबादी फरशी होती, वर पत्रे होते, आणि म्हशी छावणीत गेल्यामुळे गोठा रिकामा होता. पाटलीणबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "आमच्याकडं काय, जागाच जागा हाय."

आणि मी हात वर केला. ती मी आज डोळ्यांपुढे आली की मला हसू आवरत नाही. पदर कमरेला खोचलेला, नाक वर, दहावी दुसऱ्या खेपेला पास झाल्याचा असा तोरा की जणू कलेक्टरनं येऊन पेढा भरवलाय. "बाई, माझ्या दारात कोबा होतोय," मी ठोकून दिलं. दारात तेव्हा एक बाभळीचं खोड आणि कोंबड्यांचं खुराडं होतं.

चेअरमनबाईंनी मला वरून खाली बघितलं. पाटलांच्या गोठ्यात शिरलेली जीप पुढे पाटलांचीच होईल, हे त्यांनाही कळत होतं. "जीप यायच्या आत झाला तर तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "न्हाई झाला तर पाटलीणबाईकडं. मंग रडत यायचं न्हाई."

तर असा माझा कोबा.

दुष्काळात एक बरं असतं: पाणी सोडून सगळं मुबलक मिळतं. नदी कोरडी, त्यामुळे वाळूच वाळू. डोंगराला मुरूम होताच. खडी फोडायला गावभर रिकामे हात होते. छपराचे पत्रे यांच्या मावसभावानं आपल्या पडक्या शेडवरचे दिले. आम्ही दारातली काळी माती गुडघाभर उकरून काढली, मुरूम भरला, धुमसानं ठोकला. धुमस म्हणजे दांडा लावलेला लोखंडी ठोकळा. मी तो इतक्या जोरात आपटायची की माझ्या सासूबाई घरातून ओरडायच्या, "अगं, उतरंडीची मडकी नाचायलीत! जीप यायच्या आधी भिंत आणशील खाली!"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा माझ्या जीपला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की पहिल्यांदा आपल्याला बसवून बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं.

सगळं जमलं, अडलं ते सिमेंटवर. मिस्त्रीनं जेवढ्या गोण्या सांगितल्या त्यातल्या दोन कमी पडत होत्या. माझ्या कानातलं आधीच कोब्यात गेलं होतं. आता कानच उरले होते.

इथे त्या दहावी पास बाईची हुशारी फळाला आली.

आमच्या गावाबाहेर जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची विहीर. तिचा चुना इतका पक्का की पहारीनं निघत नाही. आत्याबाई नेहमी सांगायच्या, चुन्यात गूळ घातला होता म्हणून. गूळ, बेलफळ, उडदाचं पाणी. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. पण दोन गोण्या कमी पडल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुळानं चुना एवढा पक्का होतो, तर सिमेंट किती पक्कं होईल! सिमेंट म्हणजे तरी काय, शिकलेला चुना!

गूळ महाग. पण छावणीत वाळक्या वैरणीवर शिंपडायला कारखान्याच्या टाकीतली जुनी मळी यायची, उसाच्या रसाची ती काळी, चिकट काकवीसारखी उरलेली राड. पिंपाच्या तळाशी राहिलेली मळी यांनी खरडून आणली, दोन मोठे तांबे भरून.

मी मिस्त्रीला विचारलं. वाटलं होतं हा नाही म्हणेल. पण तोही आमच्याच गावचा.

"वहिनी," तो डोळे मोठे करून म्हणाला, "माझा आज्जा बी हेच म्हणायचा. गुळाबिगर बांधकाम म्हंजी मिठाबिगर भाकर."

"मग दोन गोण्या कमी चालतील?"

"चालतील? पळतील!"

हे म्हणाले, "सिमेंटच्या गोणीवर तसं कुठं लिहिलेलं न्हाई."

"गोणीवर सगळंच लिहितात व्हय?" मी म्हटलं. "उद्या सगळ्यांनीच मळी घातली तर त्यांचं सिमेंट कोण घेईल?"

यावर ते उठून मळीचे तांबे घेऊन आले. मी जिंकले. आयुष्यातले माझे बरेच विजय याच जातीचे आहेत.

टँकरचं पाणी गल्लीतल्या बायकांनी घागर-घागर करून दिलं. त्यात मी स्वतःच्या हातानं मळी ढवळली. पाणी चहासारखं झालं. माल कालवला, घमेली फिरली, मिस्त्रीनं रंधा मारला, आणि संध्याकाळी दारात असा गुळगुळीत, काळसर, ओला चौकोन चमकायला लागला की मी त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिले. वास पण काय सुटला होता! गुऱ्हाळाचा! येणारी-जाणारी बाई थांबून श्वास ओढायची आणि म्हणायची, "आज काय गोडधोड?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोट लावून बघितलं. बोट आत गेलं.

"अजून ओला हाय," मिस्त्री म्हणाला. "पक्कं व्हायला येळ लागतो. जेवढा येळ तेवढं पक्कं."

तिसऱ्या दिवशीही बोट आत गेलं. आता वर साय धरली होती आणि खाली शिरा. आणि मुंग्या आल्या. आधी एक ओळ, मग चार बाजूंनी चार ओळी. तांबड्या, काळ्या, डोंगळे, सगळ्या जातींच्या. दुष्काळात बिचाऱ्यांना कुठून एवढं जेवण मिळणार? त्यांच्या मागून माशा. मग छावणीतून सुटलेली कुणाची तरी शेळी येऊन कडेची फळी चाटून गेली. मी केरसुणी घेऊन चारी बाजूंनी नाचत होते.

"अगं, तुझ्या कोब्याला हळदीकुंकू वाहा," आत्याबाई म्हणाल्या. "सगळं वारूळ दर्शनाला आलंय."

काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं, पण तोंडानं कबूल करीन तर ती मी कसली? मी सगळ्या कोब्यावर ओली पोती अंथरली आणि जाहीर केलं, "पाणी मारणं चालू आहे, कुणी पाय ठेवायचा नाही." पाणी मारायला पाणी कुठलं? तर आमच्या घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी कोब्याच्या कडेला, बाज आडवी लावून. भांड्यांचं पाणी तिकडे, तांदळाचं धुवण तिकडे. रस्त्यानं जाणाऱ्याला मी हाक मारून पाय धुवायला बोलवायची. त्याला वाटायचं, काय माणुसकी आहे!

पोत्यांखाली मात्र शिराच होता. रोज सकाळी मी कोपऱ्यातलं पोतं उचलायची, बोट लावायची आणि पोतं परत टाकायची. मिस्त्रीनं आमच्या गल्लीतून जाणं सोडलं होतं.

त्याच आठवड्यात एके दुपारी मी टँकरच्या रांगेत उभी होते. लांबून घरघर ऐकू आली. धुळीचा लोट आला आणि त्यातून पाठमोरी दिसली ती माझी जीप, माझ्याच गल्लीत वळणारी! तिला पोचवायला तालुक्याहून आलेला ड्रायव्हर चालवत होता, शेजारी चेअरमनबाई बसल्या होत्या. मी हंडा टाकला आणि धावत सुटले.

"थांबाऽऽ! ओ भाऊऽऽ! थांबा!"

ड्रायव्हरला वाटलं, बाईला आनंद झालाय. त्यानं हॉर्न वाजवला. चेअरमनबाईंनी हात हलवला. जीप दारात पोचली, पोती बघून ड्रायव्हरला वाटलं, स्वागताला अंथरलीत, आणि त्यानं ती दिमाखात सरळ आत घातली, पार घराच्या भिंतीपर्यंत.

मी पोचले तेव्हा जीप हळूहळू, अगदी शांतपणे, बसत होती. म्हैस चिखलात बसते तशी. आधी पुढून, मग मागून.

"हे काय?" चेअरमनबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरनं जोर लावून मागे घ्यायचा प्रयत्न केला. चाकं जागेवर फिरली आणि सिमेंटचा असा फवारा उडाला की चेअरमनबाईंचं लुगडं, मी, भिंत आणि दारात उभ्या आत्याबाई, सगळ्यांना गिलावा झाला. जीप आणखी चार बोटं खाली गेली. तिथे चाकांना खालचा मुरूम लागला आणि ती थांबली.

आत्याबाईंनी तोंडावरून हात फिरवला, बोट चाटलं आणि म्हणाल्या, "गोड लागायलंय."

मग चेअरमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं: बारव, गूळ, मळी, शिकलेला चुना. त्या ऐकत राहिल्या. त्यांच्या भुवईवर सिमेंटचा ठिपका वाळत होता.

"तू," त्या शेवटी म्हणाल्या, "सोसायटीच्या जीपला शिऱ्यात घातलंस."

"बाई, मी..."

"बोलू नकोस. हिला बाहेर काढायची, अन् बाहेर आली की पाटलीणबाईच्या गोठ्यात. झालं तुझं."

ड्रायव्हरला शेवटची एसटी गाठायची होती, तो गेला. बाईही गेल्या. मी जीपच्या बॉनेटला टेकून उभी राहिले. इतकी जवळ आलेली गोष्ट, हात लागेल अशी, आणि ती आता बाहेर निघाली की जाणार होती.

पण निघणार कशी? बैल ओढायला लावावेत तर छावणीतल्या बैलांना स्वतःची मान ओढवत नव्हती. ट्रॅक्टर बोलवावा तर आसपासचे झाडून सगळे ट्रॅक्टर टँकर ओढत होते. माणसं तहानेली ठेवून माझी जीप कोण काढणार? आज येतो, उद्या येतो करत दिवस गेले. आणि मी सवयीनं एका सकाळी पोतं उचलून बोट लावलं.

बोट मोडायची वेळ आली.

मी दगड आपटून बघितला. दगड उडाला. कोबा जमला होता! नुसता जमला नव्हता, असा जमला होता की बारवेनं मान खाली घालावी. पुढे कळलं, साखर सिमेंटला लगेच जमू देत नाही. पण थोडी असली तर तिचा जोर ओसरल्यावर ते जमतं, आणि झकास जमतं. तेव्हा हे शास्त्र आमच्यात फक्त मुंग्यांना ठाऊक असावं, कारण त्या दोन दिवस आधीच निघून गेल्या होत्या.

आता जीप चारही पायांनी कोब्यात उभी होती. आणि त्याच दिवशी, कधी नव्हे तो, ट्रॅक्टर आला. साखळी बांधली, ट्रॅक्टरवाल्यानं जोर लावला. कडाड्! जीप हलली नाही. मागचा बंपर मात्र ट्रॅक्टरच्या मागे साखळीला बांधलेला, खडखडत गल्लीबाहेर गेला. ट्रॅक्टरवाल्याला तो पार शेताकडच्या पाणंदीजवळ दिसला म्हणतात.

पाटलीणबाई बघायला आल्या. जीपला एक फेरी मारली, चाकांकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "गाडी हाय का घोडं गं? चारी पाय बांधून ठेवलंस."

"पळून जाऊ नये म्हणून," मी म्हटलं.

त्या गेल्या आणि मला एकदम सुचलं. बाहेर निघाली की जीप जाणार. पण निघेपर्यंत? निघेपर्यंत ती माझ्या दारात आहे, जागची हलत नाही, कुणाच्या अंगावर जाणार नाही. शिकायला याहून चांगली गाडी अख्ख्या मराठवाड्यात मिळणार नाही!

मी दार उघडलं आणि उजव्या बाजूला चढून बसले. ते चाक दोन्ही हातांत धरलं. काय सांगू! ऊन लागून तापलेलं होतं, हात भाजले, पण मी सोडलं नाही.

हे लग्नाआधी उसाच्या ट्रकवर क्लीनर होते. गाडी कधी चालवली नव्हती, पण चालवणाऱ्याच्या शेजारी बसून सगळं तोंडपाठ. ते खाली उभे राहून सांगायचे.

"क्लच दाब. पहिला टाक. आता क्लच हळू सोड. हळू! घागर उतरवल्यावानी."

इंजिन बंदच असायचं, डिझेल कुठलं? मी तोंडानं आवाज काढायची. सकाळी भाकरी झाल्या की तासभर आणि दुपारी सगळे कलंडले की परत. पहिला, दुसरा, तिसरा. रोज मी कुठे ना कुठे जाऊन यायची. बीडला गेले, तुळजापूरला गेले, एकदा तर औरंगाबादला जाऊन आले. घाट चढताना घाम फुटायचा. आत्याबाई मागे येऊन बसायच्या आणि वाटेत कुठे थांबायचं ते सांगायच्या. "जरा उतरू दे गं, पाय अवघडले," म्हणून खरंच उतरायच्या.

एकदा यांनी बाटलीभर डिझेल आणलं. जीप धडधडत चालू झाली तशी गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी पहिला टाकून क्लच सोडला. जीपनं अशी उसळी मारली की माझं डोकं छताच्या दांडीला आपटलं, आणि इंजिन बंद पडलं. पण कोब्याला केसाइतकी चीर नाही!

"कोबा पास!" हे ओरडले. "तू नापास!"

गावात ही गंमत पसरायला वेळ लागला नाही. चेअरमनबाई एके दिवशी न सांगता आल्या. मी तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि तोंडानं हॉर्न वाजवत होते. त्या जीपच्या कडेला उभ्या राहिल्या.

"कुठं निघालीस?"

"चौसाळ्याला," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या हसल्या नाहीत. "क्लच दाब," म्हणाल्या. मी दाबला. "गिअर?" मी सगळे टाकून दाखवले. "ब्रेक?" दाबला. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग कोब्याकडे. टाच आपटून बघितली. "पाटलीणबाईच्या फरशीवर काल टँकरचा ट्रॅक्टर घालून जॅक लावून बघितला," त्या सावकाश म्हणाल्या. "फरशी तडकली. पोकळ हाय खालून." मी गिअर न्यूट्रलला आणला. "परवा दिवशी हिला बाहेर काढू. काढायची तू, अन् दूध घेऊन मांजरसुंब्याला न्यायची तू. नेलीस तर तुझ्या दारात. कुठं घातलीस तर पाटलीणबाई नवी फरशी बसवायला तयार हाय."

तो दिवस उजाडला. मिस्त्री परत गल्लीत आला, छिन्नी-हातोडा घेऊन. त्यानं आणि यांनी चाकांभोवतीचा कोबा फोडायला घेतला. निम्मी सकाळ छिन्न्यांचे शेंडे मोडण्यात गेली. मिस्त्री दर घावाला म्हणायचा, "कसला पक्का झालाय बघा! कुणी केला?" शेवटी टायरमधली हवा सोडली, चाकं मोकळी झाली, खड्ड्यांना खडीचा उतार केला आणि सायकलच्या पंपानं आळीपाळीनं हवा भरली. सगळी गल्ली एकेक हात पंप मारून गेली. छावणीवरून दुधाच्या कॅन आल्या, त्या मागे ठेवल्या. चेअरमनबाई कॅनशेजारी बसल्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "साक्षीला कुणीतरी पाहिजे," आणि पुढे माझ्या शेजारी चढून बसल्या, दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून.

मी चावी फिरवली. धडधड सुरू झाली. पहिला टाकला, घागर उतरवल्यासारखा क्लच सोडला. जीप खड्ड्यातून डौलात वर आली, पुढे सरकली, आणि भिंतीला जाऊन टेकली. भिंतीच्या आत काहीतरी खणखणलं.

"भवाने!" आतून आत्याबाई ओरडल्या. "हितं चूल हाय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जीप तोंडानं आत शिरली होती. समोर स्वयंपाकघर, मागे गल्ली. मी तुळजापूरला गेले होते, औरंगाबादला गेले होते, पण सगळीकडे पुढेच गेले होते. रिव्हर्स एकदाही टाकला नव्हता! आणि गल्ली इतकी अरुंद, की वळायला जागा थेट वेशीपाशी.

"हिनं स्वयंपाकघरातून रस्ता काढला वाटतं," पाटलीणबाई म्हणाल्या.

मी डोकं बाहेर काढलं. "अहो!"

हे कधीच मागे जाऊन उभे होते, क्लीनरच्या जागी. "दांडी दाबून वढ! हां! आता येऊ दे! येऊ दे, येऊ दे... डावीकडं काट... डावीकडं! तुझी डावी न्हाई, माझी!"

जीप निघाली. मागे. मान वळवून, तोंड उघडं. मधूनच समोर नजर जाई तर माझं घर लहान होत चाललेलं, आणि दारात आत्याबाई, एका हातात फुलपात्र आणि दुसऱ्या हातानं मला जा जा म्हणत. कोंबड्या उडाल्या. मिस्त्री भिंतीला चिकटला. गल्लीच्या मधोमध टँकरसाठी लावलेली हंड्यांची रांग होती. बायका ओरडत धावल्या आणि आपापल्या हंड्यावर झडप घातली. सगळे वाचले, एक सोडून. कडेच्या एका मोठ्या पितळी हंड्याला मागचं चाक घासलं आणि तो टणटणत गटारीत गेला.

"कुणाचा गं?" चेअरमनबाईंनी विचारलं.

"माझा," पाटलीणबाई म्हणाल्या. दांडी त्यांनी सोडली नव्हती. "जाऊ दे. तू मागं बघ, मागं!"

वेशीपाशी मी वळवली. मग पहिला, दुसरा. फाटा. हमरस्ता. तिसरा! वारं तोंडावर आलं, तापलेलं, धुळीचं, डिझेलचं, आणि मला ते इतकं गोड लागलं की मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पाटलीणबाई पण ओरडल्या. त्यांचं म्हणणं, भीतीनं.

लायसन? ते पुढे रीतसर काढलं हो. त्या दिवशी पोलिसांना आमची जीप येताना दिसलीच नसावी, कारण धूळ जीपच्या पुढे पळत होती.

मांजरसुंब्याला ढाब्यापुढे मी ब्रेक दाबला, आणि आम्ही ढाब्याच्या थोडं पलीकडे थांबलो. मालक बाहेर आला. त्यानं कॅनचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, आमी दूध सांगितलंतं."

दुधावर लोण्याचे गोळे तरंगत होते. माझ्या गिअरांनी वाटेत घुसळण करून टाकली होती. माझं तोंड उतरलं.

चेअरमनबाई खाली उतरल्या, कॅनमध्ये बघितलं, मालकाकडे बघितलं. "मंग? लोणी वर काढून ठेवा, त्याचा भाव येगळा लावू. अन् आमाला तीन चहा सांगा. चांगला करा, दूध आमचं हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्यापासून जरा हळू. तुझ्याच दारात राहणार हाय ती, पळून जात न्हाई."

चहा आला. मी निम्मा चहा सांडला आणि उरलेला प्यायले.

परत निघालो तेव्हा कॅन रिकाम्या, गाडी हलकी, माझा हात बसलेला. पाटलीणबाईंनी दांडी सोडून खिडकीत कोपर टेकवलं होतं. लांबून आमच्या गावचा फाटा दिसायला लागला.

"फाटा आला," मी म्हणाले आणि ब्रेकवर पाय ठेवला.

"दिसतोय की मला," पाटलीणबाई म्हणाल्या. "चौसाळा लई लांब हाय का गं हितून?"

मागून चेअरमनबाईंचा आवाज आला, "डिझेल सोसायटीचं हाय."

"मंग सोसायटीच बसलीय की गाडीत."

मी वळून बघितलं. चेअरमनबाईंनी एक रिकामी कॅन आडवी केली, तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि पदर डोक्यावरून घेऊन कानामागे घट्ट खोचला. मी ब्रेकवरचा पाय काढला.